साडेनऊ सेकंद

पडद्यावर निळी खिडकी उघडली, तिच्यात विंडोज अपडेट होत असल्याचं लिहिलेलं, आणि मी समाधानाने उठून चहा ठेवला. बरं झालं, म्हटलं, माणसं सुधारोत न सुधारोत, आपला संगणक तरी सुधारतोय. फेब्रुवारी 2020 मधली सकाळ होती. धुळ्यातली थंडी उतरायला लागली होती, देवपुरातल्या आमच्या ओट्यावर ऊन आलं होतं. मी तिथे बसून बशीत ओतून, फुंकून फुंकून चहा प्यायले. आत माझ्या चार वर्षांच्या कामाला एकेक करून कुलपं लागत होती. ती निळी खिडकी खोटी होती. घरात चोर शिरलाय हे दिसू नये म्हणून लावलेला तो पडदा होता, हे मला पुढे जळगावला कळलं.

आधी माझी ओळख करून देते. मी शाळेत मराठी शिकवायची. 2016 ला निवृत्त झाले. संगणकाशी माझा संबंध एमएस-सीआयटीपुरता. ती परीक्षा दिली नाही तर वेतनवाढ अडकते म्हणून आमच्या शाळेतल्या सगळ्यांनी दिली, तशी मीही दिली. कुठलं बटण कुठे आहे ते पाठ केलं, पास झाले आणि प्रमाणपत्र हातात पडताच विसरून गेले. नाद लागला तो निवृत्तीनंतर. माझी माय अमळनेर तालुक्यातली. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, कानबाईच्या सणाची, जात्यावरची अहिराणी गाणी तिच्या तोंडात सदाचीच. भाजी निवडताना एक, कपडे वाळत घालताना दुसरं. तिला म्हटलं, माय, हे कुठेतरी लिहून ठेवू या. ती म्हणाली, लिहिसन काय करशी, गाणं शे, गाय ना!

पुण्याहून आलेल्या मुलाने बोटाएवढा रेकॉर्डर हातात दिला आणि मी सुटले. आधी माय, मग तिच्या मैत्रिणी, मग नात्यातल्या म्हाताऱ्या, मग पारोळा, शिंदखेडा, साक्री. एसटीने जायचं, ओसरीवर बसायचं, तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की हळूच रेकॉर्डर काढायचा. चार वर्षांत 412 रेकॉर्डिंग जमली. माय 2018 मध्ये गेली, त्यात तिची 61.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी स्वतःच बोलायची. गाव अमुक, तारीख तमुक, गाणार अमुक बाई, माहेर कुठलं. शाळेत हजेरी घेतल्यासारखं, भराभर. नंतर समोरच्या बाईकडे मान हलवायची, की तिने सुरू करायचं. ही हजेरीची सवय लक्षात ठेवा. सगळं दुखणं तिच्यातच आहे.

रेकॉर्डर फाईलला नुसता नंबर द्यायचा. नाव बदलून ठेवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी केलं असतं असं नाही, कारण नावांची यादी मी एक्सेलमध्ये केलेली होती. कार्ड भरलं की संगणकाला लावायचं आणि फायली आत टाकायच्या. त्या मी कॉपी करत नसे, कट करत असे. म्हणजे कार्ड आपोआप रिकामं होतं, वेगळं पुसावं लागत नाही. ही युक्ती माझी मलाच सुचली होती, आणि तिचा मला अभिमानही होता.

जपणुकीतही मी कमी नव्हते. सगळं काम सी ड्राइव्हवर, त्याचीच दुसरी प्रत डी ड्राइव्हवर. शिवाय मुलाने दिलेली बाहेरची हार्ड डिस्क. ती मी कायम जोडूनच ठेवलेली. टेबलाखालच्या तारांच्या जंजाळात गुडघे टेकून सारखी कोण काढ-घाल करणार? कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, माझ्याकडे तीन प्रती आहेत.

संकट आलं ते पुस्तकाच्या हौसेतून. आखाजीच्या गाण्यांची पानं छापील पुस्तकासारखी लावून बघायची होती. त्यासाठीचं सॉफ्टवेअर महाग. गल्लीतला एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "मॅडम, विकत कशाला घेता, मी बसवून देतो ना." बसवताना अँटिव्हायरस लाल होऊन ओरडायला लागला. पोराने त्याला बंद केलं. "क्रॅक टाकताना तो असाच ओरडतो. बंदच करावा लागतो." मी मान डोलावली. दारातलं कुत्रं भुंकतंय म्हणून आपणच त्याला मागच्या अंगणात बांधायचं आणि पाहुण्याला 'या, या' करायचं, असा तो प्रकार. पोराचा दोष म्हणाल तर निम्मा. फुकट ते पौष्टिक हे मीही वर्षानुवर्षं मानत आलेच होते.

आणखी एक. माझ्या संगणकात विंडोज 7 होतं. त्याला सुरक्षेची अपडेट देणं कंपनीने 14 जानेवारी 2020 ला थांबवलं होतं. म्हणजे महिनाभरापासून खरं अपडेट मला येणारच नव्हतं. एवढं ठाऊक असतं तर ती निळी खिडकी बघूनच शंका यायला हवी होती. पण ज्याला सुधारणा पाहिजे असते त्याला ती कुठेही दिसते.

चहा पिऊन आत आले. खिडकी गेलेली. आखाजीची फाईल उघडायला गेले तर तिचं चित्रच बदललेलं, डब्ल्यूच्या जागी कोरा कागद. नावाच्या मागे चार अक्षरांचं शेपूट. दुसरी फाईल, तिलाही शेपूट. एक्सेलची यादी, शेपूट. डी ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, सगळीकडे तेच. सगळ्या फायलींची तारीख आजची. शाळेत एखाद्या दिवशी वर्गात यावं आणि सगळ्या मुलांनी एकच मुखवटा घातलेला असावा, तसं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवीन चिठ्ठी होती, इंग्रजीत. तिच्यात आधी मला धीर दिलेला होता, हे विशेष. काळजी करू नका, सगळं परत मिळेल. किंमत 980 डॉलर. 72 तासांत संपर्क केलात तर निम्मी सूट, 490. म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने साधारण पस्तीस हजार रुपये. वानगीदाखल एक फाईल फुकट उघडून देऊ, असंही. साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात तसं.

मुलाला फोन केला. तो एकच वाक्य ओरडला, "आई, आधी मेन स्विच बंद कर!" मी बंद केला. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच्या ओळखीने जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका इंजिनिअरचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाचा डबा आणि हार्ड डिस्क जुन्या नऊवारीत गुंडाळून एसटीत बसले. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लगेज पडेल." मी म्हटलं, "अरे, दुखणाईत माणूस आहे." त्याने तिकीट फाडलंच.

गोलाणी मार्केट ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगावं! एका मजल्यावर मोबाईल, दुसऱ्यावर कॉम्प्युटर, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, आणि गाळ्यागाळ्यात उघडी पडलेली यंत्रं, सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातल्यासारखी. इंजिनिअर तिशीतला, रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने माझी हार्ड डिस्क आपल्या मशीनला लावली नाही. एक जुनंपुराणं मशीन काढलं, त्याची इंटरनेटची वायर उपटली आणि मग त्याला जोडली. "साथीचा रोगी आहे मॅडम. सगळ्यांत बसवता येत नाही." शेपूट बघताच त्याने ओळखलं. म्हणाला, हा व्हायरस जळगावात नवा नाही, क्रॅकमधून येतो, महिन्याला दोन-चार तरी येतातच. तरी खात्री म्हणून युरोपातल्या पोलिसांनी आणि काही कंपन्यांनी 2016 मध्ये मिळून काढलेल्या एका वेबसाइटवर त्याने चिठ्ठी आणि एक बंद फाईल तपासायला टाकली. काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. माझ्या कुलपाची नव्हती.

"पैसे भरू का?" मी विचारलं. बांगडीकडे बघतच विचारलं असणार, कारण त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"नका भरू. किल्ली देतीलच असं नाही. आणि दिली तरी पुढच्याला लुटायला भांडवल तुमचं." नंतर त्याने पहिला प्रश्न विचारला, "बॅकअप आहे?"

मी ऐटीत म्हटलं, "तीन प्रती आहेत."

सी, डी आणि बाहेरची हार्ड डिस्क ऐकून तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. म्हणाला, "मॅडम, सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन खण. कपाट जळालं की दोन्ही जळाले. आणि ही डिस्क त्याच कपाटाला दोरीने बांधलेली." मग थोडं थांबून, "आमच्या धंद्यात म्हणतात, जोडलेली प्रत ही प्रत नव्हे."

चहा आला. चहासोबत त्याने गोष्ट सांगितली, ती मी पुढे अनेकांना सांगितली आहे. मर्स्क नावाची डेन्मार्कची बोटींची मोठी कंपनी. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभरचे तिचे संगणक बसवले. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. "आमच्याकडची केळी तिथूनच बाहेर जातात ना," तो म्हणाला, "म्हणून माझ्या लक्षात राहिलं." कंपनीत कोणाला कुठे प्रवेश, कोणाचं काय खातं, याची एक मुख्य वही असते. तिच्या जवळपास दीडशे प्रती जगभरच्या ऑफिसांत होत्या. एक बिघडली तर बाकीच्या आहेत, अशी योजना. पण त्या सगळ्या एकमेकींशी बोलत असत. एका रोगाने सगळ्या एकदम गेल्या. शोधता शोधता एक जिवंत सापडली, आफ्रिकेत, घानामध्ये. ती का वाचली? तर त्या वेळी तिथे लाईट गेलेली होती! यंत्र बंद, म्हणून व्हायरसला पोचता आलं नाही. घानातल्या माणसांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता, तेव्हा एकाने ती डिस्क घेऊन नायजेरियाचं विमानतळ गाठलं, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्याने ती इंग्लंडला नेली.

मला हसू आवरेना. जन्मभर मी लोडशेडिंगला शिव्या घातल्या. पंचवीस वर्षं दहावीचे पेपर कंदिलाच्या उजेडात तपासले. आणि जगातली एवढी मोठी कंपनी वाचली ती लाईट गेली म्हणून. त्या सकाळी देवपुरात लाईट गेली असती तर! पण ज्या दिवशी जावी त्या दिवशी ती जात नाही.

संध्याकाळी बहिणीकडे जुन्या जळगावात मुक्काम केला. तिने शेवभाजी केली होती. घास उतरेना. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा गोलाणीत गेले तर इंजिनिअर कानाला हेडफोन लावून बसलेला. मला बघून त्याने तो काढला आणि माझ्या कानाला लावला. माय गात होती.

कसं झालं ते त्याने कागदावर रेघ ओढून समजावलं, आणि ते मला समजलं, म्हणून लिहिते. हा व्हायरस घाईत असतो. मालकाने मेन स्विच बंद करण्याआधी त्याला हजारो फायली बांधायच्या असतात. म्हणून तो फाईल पूर्ण बांधत नाही, फक्त तोंडाचा साधारण 150 केबीचा भाग. छोटी फाईल असली तर ती सगळीच त्याच्या घशात जाते. माझी वर्डची प्रकरणं तीस-चाळीस केबीची, यादीही तेवढीच. ती गेली, अगदी शेवटच्या मात्रेपर्यंत. पण गाण्याची फाईल दोन-चार हजार केबीची. तिचं डोकं बांधलं तरी धड मोकळंच. आणि एमपी3 ही फाईल म्हणे बारीक बारीक तुकड्यांची माळ असते, पुढचे मणी खराब झाले तरी मागचे वाजतात. त्याने एका फाईलचं शेपूट उडवलं, खराब तोंड कापून टाकलं आणि उरलेलं वाजवलं. वाजलं.

मी रडले. परक्या माणसाच्या दुकानात, समोर चार गिऱ्हाईकं, आणि मी हेडफोन लावून रडतेय. एक जण प्रिंटरची शाई घ्यायला आला होता, तो बिचारा तसाच परत गेला.

रडणं थांबल्यावर मास्तरकी जागी झाली. "किती गेलं म्हणालास?" 150 केबी. "एका सेकंदाला किती लागतात?" माझ्या रेकॉर्डरच्या मापाने 16 केबी. मी त्याच्याच कागदावर भागाकार केला. जवळपास साडेनऊ.

साडेनऊ सेकंद. प्रत्येक गाण्याच्या तोंडाचे साडेनऊ सेकंद. गाव अमुक, तारीख तमुक, गाणार अमुक बाई.

गाणी सगळी वाचली होती. बाया हरवल्या होत्या.

मायच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये माझी हजेरी संपल्यावर तिने मला विचारलं होतं, "बोलू का आते?" ते अर्धंच उरलंय. 'आते'तला 'ते' ऐकू येतो आणि मग गाणं. ती फाईल मी तशीच ठेवली आहे. इंजिनिअरने विचारलं, मॅडम, एवढा तुकडा साफ करून देऊ का? मी नको म्हटलं.

धुळ्याला परत आले ती 412 मुंडकी उडालेली गाणी घेऊन. आता नावं कुठून आणायची? वाटेत पारोळ्याच्या स्टँडवर आठवलं. माझी एक मैत्रीण अमळनेरला असते, माझ्यासारखीच निवृत्त मास्तरीण, पण अहिराणीचा कान माझ्यापेक्षा तिखट. मी 'ऱ्हायना' लिहिलं की ती त्यावर लाल पेन फिरवून आणखी काहीतरी करते. दिवाळीच्या आधी मी तिला 180 पानं छापून दिली होती, तपासायला. तिने तीन महिने तपासली नाहीत म्हणून मी तिच्याशी धुसफूसही केली होती. स्टँडवरूनच फोन लावला. "पानं आहेत का गं?" ती ओशाळून म्हणाली, "अगं हो, पिठाच्या डब्यावरच ठेवलीत, आज बसतेच." म्हटलं, बसू नकोस, हातही लावू नकोस, मी येतेय. त्या पानांत गाण्यांखाली नावं होती. दीडशे बाया तिथे सापडल्या, थोड्या पीठ लागलेल्या.

एकीचा आळस दुसरीच्या उपयोगी पडतो तो असा. पण विचार केला तर यात नवीन काय होतं? घरातलं दही नासलं तर आपण काय करतो? विरजण शेजारणीकडून आणतो, जे कधीतरी आपल्याच घरून तिच्याकडे गेलेलं असतं. कोणी विरजणाच्या दोन वाट्या एकाच फडताळात ठेवून निर्धास्त झोपत नाही. मी मात्र संगणकाच्या बाबतीत नेमकं तेच केलं, कारण संगणक म्हटला की आपली नेहमीची अक्कल बाहेर चपला काढतो तिथेच सोडून आत जायचं, असं मला वाटायचं.

आणि राहते तरी कुठे, तर धुळ्यात! श्री समर्थ वाग्देवता मंदिरात किती वेळा मुलांची सहल घेऊन गेले आहे मी. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठोमठ फिरून गोळा केलेली बाडं तिथे आहेत. समर्थसंप्रदायाचा ग्रंथ टिकला तो एका पोथीवर विसंबून नाही. एका मठात लिहिलं, दुसऱ्या मठात उतरवलं, तिसऱ्यात नेलं. एखाद्या मठात वाळवी लागली, दुसरीकडे पूर आला, तरी कुठेतरी प्रत उरलीच. दासबोधाची कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात होती, आणि देवांनी धुळ्यात बसून तिच्यावरून दासबोध छापला. मुलांना मी हे सांगायची आणि घरी येऊन सीवरून डीवर कॉपी करायची. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच गावात गेले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद सांभाळायला लोकांनी त्यांच्या मागे संस्था उभी केली, म्हणून ते आज बघायला मिळतात. त्या संस्थेवरून आठवड्यातून दोनदा माझी रिक्षा जाते.

जळगावचं तर विचारूच नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचत गेल्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमतील तशा उतरवून घेतल्या. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती एक वही कुणी रद्दीत घातली असती तर? आणि जी गाणी त्या वहीत उतरलीच नाहीत त्यांचं काय झालं, ते चौधरी वाड्यातल्या जात्यालाच ठाऊक. माझ्या बहिणीच्या घरापासून तो वाडा पायी जाण्याच्या अंतरावर. मुक्कामाच्या त्या रात्री मी अंथरुणावर याच विचारात होते.

इंजिनिअरने निघताना एक चिठ्ठी दिली होती. तीन, दोन, एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक गावाबाहेर. हा नियम एका अमेरिकन फोटोग्राफरने मांडला म्हणे, ज्याला आपले फोटो जपायचे होते. खाली इंजिनिअरने स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, "आणि एक प्रत उघडून बघणे." हे चौथं कलम मला सगळ्यांत पटलं. शाळेत आम्ही अग्निशामक नळकांडं दहा वर्षं भिंतीवर टांगून ठेवलं होतं. ते आतून रिकामं होतं हे रंगवाल्याने उतरवलं तेव्हा कळलं.

आता माझ्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत. एक घरी कपाटात, वायर काढून. दुसरी जळगावला बहिणीच्या गोदरेजच्या कपाटात, तिच्या पैठणीखाली. संकष्टीला उपासही असतो आणि बॅकअपही. चंद्र उगवेपर्यंत वेळ जात नाही, तेवढ्यात नवीन फायली उतरवून होतात आणि जुन्यांतली कुठलीही एक उघडून ऐकून होते. जळगावला जाणं होतं तेव्हा डिस्कांची अदलाबदल. बहिणीला त्यात काय आहे विचारलं तर ती सांगते, "माझ्या बहिणीची भुतं." चुकीचं नाही. नवा संगणक घेतला, पैसे मोजून आणलेलं विंडोज घातलं. पानं लावायचं सॉफ्टवेअर फुकटच घेतलं, पण जे मुळातच फुकट वाटलं जातं ते. तो विद्यार्थी येऊन गेला, खजील झाला होता. त्याला मी नवीन कामाला लावलं, गाण्यांच्या फायलींना नंबराऐवजी नावं द्यायच्या. नावांची यादी मी आता रजिस्टरमध्ये हाताने लिहिते, खाली कार्बन घालून.

पण नावं असतील तर द्यायची ना! पानांतून दीडशे मिळाली, मायची 61, काही आवाज मी स्वतःच ओळखले. तरी शंभरावर बाया बेनाम उरल्या. गावोगाव पुन्हा फिरायचं ठरवलं, पिशवी भरली, आणि 25 मार्चला सगळा देश बंद झाला. त्या वर्षी आखाजी 26 एप्रिलला आली. झोके बांधलेच गेले नाहीत. दारात घागर भरली, पुरणपोळ्या खापरावर भाजल्या, आणि दिवसभर मी फोनवर बसून राहिले. कुणाच्या सुनेला, कुणाच्या नातवाला व्हॉट्सॲपवर गाणं पाठवायचं आणि विचारायचं, हा आवाज कोणाचा? घरोघर म्हाताऱ्यांच्या कानाला मोबाईल लागले. "थांब माय, आखो एकदाव लाव." कुणी गळ्यावरून ओळखलं, कुणी चुकीच्या शब्दावरून, की ही चूक फक्त अमकी मावशीच करते. काही घरांत नाव मिळालं आणि पाठोपाठ कळलं की ती बाई गेली. मग फोनवर दोन्हीकडे गप्प.

287 नंबरचं गाणं कोणालाच ओळखू येईना. जात्यावरचं होतं. आवाज बसका, मध्ये खोकल्याची उबळ. बारा गावांत पाठवलं. शेवटी शिंदखेडा तालुक्यातल्या एका घरी सुनेने ते स्पीकरवर लावलं आणि माझा फोनही चालूच होता. सून म्हणत होती, नाही ओळखू येत. तेवढ्यात मागून, खाटेवरून असेल, एका म्हाताऱ्या बाप्याचा आवाज आला. "आखो लाव." तिने पुन्हा लावलं. तो गाणं ऐकतच नव्हता. गाण्याच्या खाली जातं फिरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खट्' असं वाजत होतं, दगडाचा टवका उडालेला असला की वाजतं तसं. मी ते शंभर वेळा ऐकलं असेल, पण मला ते रेकॉर्डरचा दोष वाटायचं.

"हाई ते आमनं घरोट शे," तो म्हणाला. आणि मग नाव सांगितलं. बायकोचं होतं, म्हणून थोडं अडखळत.

मी रजिस्टरमध्ये 287 च्या पुढे ते लिहिलं. पान उलटून बघितलं तर कार्बन सरकलेला, खाली काहीच उमटलं नव्हतं. कार्बन नीट लावला आणि पुन्हा लिहिलं.